विलायती लाळ

सकुबाईच्या घरात उष्ट्याचा कायदा होता, आणि तो सरकारी कायद्यापेक्षा कडक होता. एकाच्या पेल्याला दुसऱ्यानं तोंड लावायचं नाय. आमटीची चव बघायची तर डावातून तळहातावर घ्यायची, डावाला ओठ लावायचा नाय. आणि रात्री उष्टं भांडं मोरीवर तसंच पडलं तर लक्ष्मी दारापर्यंत येऊन मागल्या पावली जाते, हे तर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगावं! तिचा मुलगा प्रज्वल लहानपणी या कायद्याचे रट्टे खात वाढला. पुढं तो शिकला, एम. एस्सी. झाला, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत चिकटला. घरी आला की मात्र ताट उचलून आधी मोरीवर ठेवायचा, मग हात धुवायचा.

सकुबाईचा दुसरा हट्ट म्हणजे कुंकूसाळ. शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्यांचं गाव. तिथं सगळ्यांनी कधीच हायब्रीड बियाणं धरलं होतं. विहिरीखालच्या एका खाचरात सकुबाई तेवढी सासूनं दिलेलं हे लाल भात लावायची. उतारा कमी, जरा वारा सुटला की आडवं, मिलवाला भरडताना तोंड वाकडं करणार. पण शिजलं की घरभर वास, आणि पेज तर अशी की आजारी माणूस उठून बसावा. गावातल्या बाया तिला चिडवायच्या, "सकू, तुझी लाली कवा काढतीस गो?" ती म्हणायची, "तुमच्या ताटात वाढीन तवा कळंल."

नवरा गणू तसा शांत माणूस, पण त्याला साखर निघाली आणि त्याचा धीर सुटला. "आता भातच कमी खायचा तर त्या लाल्याचं कवतिक कशाला? पुढल्या साली त्या खाचरात हायब्रीड," त्यानं जाहीर करून टाकलं. सकुबाईनं दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. गणू नमला नाही. सकुबाईचा जीव तीळ तीळ तुटायला लागला, कारण तिच्या खाचरातलं बी संपलं की कुंकूसाळ पंचक्रोशीतून गेलीच म्हणून समजा.

अशा वेळी प्रज्वलनं आशेची काडी पेटवली. कल्याणची एक तांदूळ पॅक करणारी कंपनी त्याच्या प्रयोगशाळेत आली होती. शहरात साखरेच्या आजाराची माणसं वाढली, त्यांना हळूहळू पचणारा, अंगात साखर सावकाश सोडणारा तांदूळ हवा होता. प्रज्वलनं कुंकूसाळीचं नाव घातलं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी कंपनीशी बोलून घेतलं. तपासणीत तांदूळ सावकाश पचणारा निघाला तर कंपनी गावभर कुंकूसाळ लावायला सांगणार, सगळं भात उचलणार. गणूसुद्धा म्हणाला, "तसं झालं तर मंग मीच सगळ्या खाचरांत लावीन." सकुबाईनं त्या दिवशी देवापुढं नारळ ठेवला. फोडला नाही. काम झाल्यावर फोडायचा म्हणून राखून ठेवला.

आता तपासणी म्हणजे काय, तर काचेच्या भांड्यात खोटं पोट मांडायचं. त्यात शिजलेला भात कुस्करून टाकायचा, अंगाएवढी ऊब द्यायची, वरून लाळेतलं एन्झाइम घालायचं आणि किती वेळात किती साखर सुटते ते यंत्रावर बघायचं. कंपनीला पाकिटावर छापायचं होतं, 'मानवी एन्झाइमवर तपासलेला'. डुकराचं एन्झाइम स्वस्तात मिळतं, पण ते पाकिटावर कोण छापणार? म्हणून साहेबांनी थेट परदेशातून मागवलं. रिकॉम्बिनंट ह्यूमन अमायलेज! तुमच्या-आमच्या तोंडात झोपेतसुद्धा फुकट पाझरणारी वस्तू. तिकडं माणसाचं जनुक काढून जंतूंच्या पोटात घालतात, जंतूंकडून ती बनवून घेतात, गाळतात, निवडतात, नखाएवढ्या नळीत भरतात आणि धूर सोडणाऱ्या बर्फात बसवून विमानानं पाठवतात. नळीवर लिहिलेलं, 'फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.' माणसाचीच वस्तू, आणि माणसांवर वापरू नये! प्रज्वलला त्याची गंमत वाटली, पण साहेबांपुढं हसायची सोय नव्हती.

नळी आली ती नेमकी शुक्रवारी. तेव्हा विजेची बोंब होती आणि शुक्रवारी औद्योगिक वसाहतीची वीज बंद असायची. जनरेटर होता, पण त्याचा पंप दुरुस्तीला गेलेला. पार्सलमधला बर्फही वाटेत उडून गेलेला. साहेबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि प्रज्वलला म्हणाले, "तुझ्या घरी फ्रिज आहे ना? आज रात्री तुमच्याकडं वीज असते म्हणतोस. बर्फाच्या कप्प्यात ठेव, उद्या सकाळी घेऊन ये. आणि जिवापेक्षा जप. दुसरी मागवायची तर दोन महिने, आणि कंपनी तोवर थांबायची नाही. त्यांना सोमवारी आकडा पाहिजे."

प्रज्वलनं आइसक्रीमवाल्याकडून बर्फ घेतला, मोटारसायकलच्या डिकीत डबा बसवला आणि खड्डे चुकवत घर गाठलं. एका लहान स्टीलच्या डब्यात नळी उभी करून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवली. इथवर सगळं ठीक होतं. मग जेवताना त्याला शहाणपण सुचलं.

"आई, वरच्या कप्प्यातल्या डब्याला हात लावू नको. आपल्या कुंकूसाळीचं नशीब हाय त्यात."

"हाय काय त्यात?"

"माणसाच्या थुंकीतलं औषध."

सकुबाईचा घास हातातच राहिला. "कुणाच्या थुंकीतलं?"

"कुणाच्याच नाय गो. जंतूंकडनं बनवून घेतलेलं."

"म्हंजे जंतूंनी उष्टं केलेलं?"

गणूला ठसका लागला. प्रज्वलनं जनुक, जंतू, गाळणी असं सगळं समजावून सांगितलं. जितकं समजावलं तितकं प्रकरण बिघडत गेलं. सकुबाई ऐकत होती, मान हलवत होती आणि तिची नजर पुन्हा पुन्हा फ्रिजकडं जात होती. दुसऱ्या दिवशी घरात नव्याचा नैवेद्य होता. नव्या कुंकूसाळीची खीर करून आधी देवाला दाखवायची, मग घरानं तोंडात घालायची. त्या खिरीचं दूध त्याच फ्रिजमध्ये, त्या डब्याच्या बरोबर खाली!

"बरं," सकुबाई म्हणाली. प्रज्वलला वाटलं, समजली. पोरगा एम. एस्सी. झाला, पण आईच्या 'बरं'चा अर्थ शिकला नव्हता.

सकाळी आंघोळ करून तो फ्रिज उघडायला गेला. वरचा कप्पा रिकामा. फ्रिजला गोमूत्राचा वास.

"आई! डबा कुठाय?"

"मोरीवर बघ ना. पालथा घातलाय."

स्टीलचा डबा राखेनं घासून लखलखीत, उन्हात पालथा. शेजारी फडक्यावर ती नखाएवढी नळी, झाकण वेगळं, नळी वेगळी. सकुबाईनं आतून सुईला कापूस गुंडाळून पुसलेली, वर कढत पाण्यानं विसळलेली. त्यावरचा विलायती कागदही खरवडून काढलेला, कारण चिकट कागदाखाली घाण राहते.

"रात्री उष्टं भांडं तसंच ठिवायचं काय?" ती म्हणाली. "तुला ने-आण करायला बरं पडंल म्हनून चकाचक केली. आत काय नव्हतंच म्हना. घामाच्या थेंबाएवढं काय तरी व्हतं, ते गेलं."

प्रज्वल पायरीवर बसला. घामाच्या थेंबाएवढं जे होतं, तेच सगळं होतं. त्याला रडूच यायचं बाकी होतं. ओरडावं तर कुणावर? तिनं काही वाईट केलं नव्हतं. तिनं भांडं घासलं होतं. आयुष्यभर घासत आली तसं.

"आई, गेलं गो सगळं," तो म्हणाला. "ते नाय तर तपासणी नाय. तपासणी नाय तर कंपनी नाय. बाबा हायब्रीड लावणार."

तेव्हा कुठं सकुबाईचा चेहरा पडला. ती हातातलं फडकं पिळत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्यात व्हतं काय म्हनलास? थुंकीतलंच ना?"

"व्हय."

"मंग थुंकी काय विलायतेवरनंच आणायला पायजे?"

प्रज्वल पायरीवरून उठला. पुस्तकात तर स्पष्ट लिहिलं होतं, माणसाच्या लाळेतलं अमायलेज आणि हे बनवलेलं अमायलेज, वस्तू एकच. लाळ घ्यायची, गाळायची, नळीबरोबरच्या कागदात दिलंय तेवढं पातळ करायचं. साहेबांना नळी दाखवायची, नळी तर तीच आहे. त्याला भीती वाटली, आणि आशाही. ही लबाडी होती, हे त्याला कळत होतं. पण एका बाजूला नोकरी, दुसऱ्या बाजूला आईचं खाचर, आणि मधे एक चमचाभर थुंकी! माणूस किती तोलून बघणार?

पण थुंकी कुणाची? त्याची स्वतःची चालणार नव्हती, कारण मुरबाडच्या नाक्यावर तो दिवसातून कितीदा तरी मावा चघळायचा. सुपारी-तंबाखूनं त्याचं तोंड म्हणजे कातडी कमावायचा हौद झाला होता. हे आईला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊ देण्याचा हा मुहूर्त नव्हता. गणूच्या गालात तर उठल्यापासून तंबाखूची गोळी. राहिली सकुबाई. मिश्री तिनं कधीच सोडलेली, पान खात नव्हती, आणि नैवेद्य व्हायचा म्हणून सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"आई, तुझीच पायजे."

"माझी?" ती उडालीच. "आणि ती घालणार कशात?"

"कुंकूसाळीच्या भातात. तपासायला."

"अजून देवाला दाखवला नाय नि मी त्याच्यावर थुंकू? बरा हायस ना रे?"

"मंग नको. लावू दे बाबांना हायब्रीड."

सकुबाई उठली. मोरीवर गेली. चूळ भरली, परत भरली, इतक्यांदा भरली की गणू विचारायला लागला, "काय गिळलीस काय?" मग तिनं नव्या तांदळाची पायली पुढं ओढली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. "माये, तुझ्याच भल्यासाठी करते हां," ती तांदळाला म्हणाली. आणि भिंतीकडं तोंड करून, कुणी बघू नये अशा बेतानं, वाटीत थुंकली. वाटी प्रज्वलच्या हातात देताना तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ज्या बाईनं विलायती थेंब फ्रिजमध्ये ठेवू दिला नाही, तिची थुंकी दहा मिनिटांनी त्याच फ्रिजमध्ये, दुधाच्या वर, त्याच डब्यात बसली. डबा ठेवलाही तिनंच. "घरची हाय," ती म्हणाली.

प्रज्वलनं प्रयोगशाळेत जाऊन लाळ गाळली, कागदात लिहिलं होतं तेवढी पातळ केली आणि विलायती नळीत भरली. नळीवरचा कागद कुठं गेला, तर बर्फानं निघाला. साहेबांना पटलं. आधी एन्झाइमचा जोर मोजून घ्यायचा असतो, हे प्रज्वलला ठाऊक होतं. पण मोजायला निम्मी लाळ लागली असती, आणि आईपुढं पुन्हा वाटी घेऊन उभं राहायची त्याची छाती नव्हती. सोमवारी खोट्या पोटात कुंकूसाळीचा भात पडला, वरून सकुबाई पडली.

यंत्राचा काटा जो वर चढला तो थांबेचना! भात बघता बघता पाणी झाला. साखर इतक्या भराभर सुटली की साहेब खुर्चीतून उठून आले. त्यांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच.

"तांदूळ बाद," साहेब म्हणाले. "साखरवाल्यांना तर विषच हे. पण एन्झाइम बघ प्रज्वल! याला म्हणतात शुद्धता. आपल्याकडं असलं काही बनायला अजून शंभर वर्षं लागतील."

प्रज्वलनं काचेचं भांडं धुवायला घेतलं. साहेब, ती शुद्धता आमच्या मोरीवर चूळ भरून आली आहे, असं सांगायचं?

कंपनीनं हात जोडले. गणूनं हायब्रीडचं बियाणं आणलं. सकुबाईला प्रज्वलनं एवढंच सांगितलं की तांदूळ बसला नाय, फार लवकर पचतो.

"लवकर पचतो ते वाईट कसं?" तिला कळेचना. "बाळंतिणीला देतो, पोराच्या उष्टावणाला देतो, ते लवकर पचतो म्हनूनच ना?"

"त्यांना सावकाश पचणारा पायजे."

"मंग धोंडे खा म्हनावं," ती म्हणाली आणि चुलीकडं वळली. देवापुढचा नारळ तसाच राहिला, वाळला, आत खुळखुळायला लागला. जूनमध्ये विहिरीखालच्या खाचरात हायब्रीडची आवणी झाली. लावणीला ती गेली, सगळ्यांबरोबर वाकून लावत होती. एरवी खाचरात तिच्या तोंडाला विराम नसायचा, बायांची हसून हसून पुरेवाट व्हायची. त्या दिवशी कुणी 'लाली' म्हणून चिडवलंही नाही. कुंकूसाळीचं थोडं बी तिनं भोपळ्याच्या तुंब्यात भरून आढ्याला टांगलं. दुसऱ्या पावसाळ्यात तुंबा ओला झाला आणि बियाला बुरशी आली.

मधल्या काळात कल्याणच्या कंपनीनं कुठूनसा दुसरा पांढरा तांदूळ आणला. साहेबांनी हौसेनं तसंच 'जबरदस्त' एन्झाइम पुन्हा मागवलं. या खेपेला ते प्रयोगशाळेच्याच फ्रीझरमध्ये राहिलं, कुणी घासलं नाही. प्रज्वलनं कागदाप्रमाणं पातळ केलं, भातावर घातलं. काटा सावकाश, बैलगाडीसारखा चढला. तांदूळ पास! साहेब जरा हिरमुसले, "हा माल पहिल्यासारखा नाही रे," म्हणाले, पण शिक्का मारला.

त्याच सुमारास एका मासिकात साहेबांनी वाचलं आणि चहाच्या वेळी मोठ्यानं सांगितलं. "ऐक, गंमत आहे. जे लोक पिढ्यानपिढ्या भात खात आलेत, त्यांच्या लाळेत हे अमायलेज इतरांपेक्षा जास्त असतं. जनुकाच्या प्रतीच जास्त. एखाद्याच्या लाळेत तर कितीतरी पट."

प्रज्वलनं हातातला कप बशीत ठेवला. सगळं त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. सकुबाईची आई, आईची आई, तिची आई, साऱ्या त्याच मातीतला लाल भात चावत आलेल्या. असल्या तोंडापुढं कुठला तांदूळ टिकणार होता? कुंकूसाळ कदाचित पास झाली असती. नक्की कसं सांगणार? पण ज्या तापल्या तव्यावर तिला टाकलं, त्यावर त्या पांढऱ्या तांदळालाही टाकायला हवं होतं. सांगावं का साहेबांना? सांगितलं तर नोकरी जाणार, प्रयोगशाळेचं नाव जाणार, पाकिटं तर बाजारात निघालीसुद्धा. त्यानं चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि कामाला लागला. त्याची त्यालाच लाज वाटली. पण लाज वाटून कुणाचं खाचर परत येतं?

आणि एके दिवशी गणू शहापूरच्या डॉक्टरकडून आला तो हातात पाकीट घेऊन. डॉक्टरनं सांगितलं होतं, घरचा भात बंद, हा खा. पाकिटावर हिरवं पान काढलेलं, आणि खाली ठळक अक्षरांत, 'मानवी एन्झाइमवर तपासलेला'.

सकुबाईनं तो शिजवला. तिघं जेवायला बसली. पांढरा, मोकळा, लांब दाण्याचा भात, वास कसलाच नाही. तिनं एक घास घेतला आणि सावकाश चावत राहिली. मग पाकीट ओढून घेतलं. शाळेत चारच इयत्ता गेलेली, पण बोट ठेवून ठेवून वाचलं.

"प्रज्वल, ह्यो तुझ्याकडंच तपासला काय रे?"

"व्हय."

"कुणाच्या थुंकीनं?"

प्रज्वलनं पाण्याचा पेला उचलला. "विलायतेच्या," तो म्हणाला.

"आणि माझा माझ्या थुंकीनं."

गणू एकदा बायकोकडं बघी, एकदा मुलाकडं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"माझी कडक व्हती काय रे?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

"व्हती गो," तो ताटात बघत म्हणाला. "लय कडक व्हती."

"म्हंजे माझ्या कुंकूसाळीला मीच खाल्लं."

प्रज्वलला म्हणायचं होतं की तू नाय, मी. जोर मी मोजला नाय, साहेबांना मी सांगितलं नाय. ते शब्द त्याच्या तोंडापर्यंत आले आणि तिथंच राहिले. सकुबाईनं पाकीट बाजूला सारलं. ताटातला तो बिनवासाचा भात तिनं शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, कारण ताटात अन्न टाकायचं नाय हाही तिचाच कायदा होता. मग ती उठली, तिघांची उष्टी ताटं गोळा केली आणि मोरीवर घासायला बसली.